चर्चमागचं मशीन

हेझल ऑर्मरॉडनं त्या चार वर्षांच्या मुलीची टाच मोजपटाच्या खोबणीत नीट बसवली, सरकपट्टी अंगठ्याला भिडवली आणि मान खाली ठेवूनच म्हणाली, "चांगलाच वाढलाय पाय. आधीच्या बुटात बोटं मुडपत होती हिची."

मुलीची आई खिडकीशी उभी होती. तिचं लक्ष मुलीच्या पायाकडे नव्हतं, चर्चच्या कोपऱ्याकडे होतं.

"चर्चमागचं ते पार्किंगचं मशीन बंद आहे," ती म्हणाली. "नाणं घेत नाही, कार्ड घेत नाही. तिकीट न लावता गाडी उभी केलीय. दंड होईल का हो?"

"मशीनच बंद असेल तर कसा होईल?"

"त्यांचा काय भरवसा! माझ्या बहिणीला लागलाच की. बिचारी नाणी शोधत होती पर्समध्ये."

हेझलनं तीन खोकी आणली. दुसरा जोड बरोबर बसला. गडद लाल, वर पट्टा. मुलीनं गालिच्यावर दोन उड्या मारल्या आणि आरशासमोर जाऊन स्वतःच्या पायांना हात केला. हेझल तिचा पट्टा एक भोक मागे घेत होती तेवढ्यात पाठीमागे खोकं उचलल्याचा, ते फिरवल्याचा आणि फोनचा बारीकसा टक् असा आवाज झाला. वळून पाहायची गरज नव्हती. हल्ली हा आवाज तिला दारावरच्या घंटीपेक्षा जास्त ओळखीचा झाला होता. माप इथे घ्यायचं, खोक्यावरच्या नंबराचा फोटो काढायचा आणि बूट फोनवरून स्वस्तात मागवायचे.

"गोड दिसतायत," आई म्हणाली. "हिच्या बाबांना एकदा विचारते आणि..."

खिडकीबाहेरून गडद हिरवा कोट गेला. पार्किंगवाला. आईनं पोरीच्या पायातले बूट जवळजवळ ओढूनच काढले, जुने कसेबसे चढवले आणि पोरगी 'माझे लाल, माझे लाल' करत असतानाच घंटी वाजवत दोघी बाहेर पडल्या.

हेझलनं लाल जोड कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला. मग काउंटरमागे बसून तिनं उजव्या अंगठ्याच्या नखाखालचा पिवळट पापुद्रा सुटतो का ते पाहिलं. सकाळपासून तेच चाललं होतं. टर्पेंटाइन लावून झालं, पातं लावून झालं. निघत नव्हता.

घंटी पुन्हा वाजली. समोरचा हार्डवेअरवाला क्लाइव्ह होता, हातात दोन चहाचे मग घेऊन.

"पाहिलंस का?" तो आत येता येताच म्हणाला. "चर्चमागं गाड्याच गाड्या! मी सकाळपासून तीन किटल्या आणि एक शिडी विकली. शिडी, हेझल! ज्यानं कोणी ते मशीन बुजवलं ना, त्याचा पुतळा उभारायला हवा चौकात."

"बुजवलं?"

"सोल्यूशन ओतलंय म्हणे नाण्याच्या फटीत. पार दगड झालाय." त्यानं एक मग तिच्यापुढे सरकवला. "पोरंटोरं असतील. आज संध्याकाळी टाउन हॉलच्या सभेत मी बोलायला उभा राहीन तेव्हा मात्र मला काही माहीत नाही बरं का. आपला अर्ज, आपल्या सह्या, पहिला तास फुकट करा, बस्स. तू येणार आहेस ना?"

"येते की."

"आणि त्या पार्किंगवाल्या इम्तियाझला आजपासून कोणी काही द्यायचं नाही. कॅफेवालीनं सकाळी त्याला चहा नाही म्हणून सांगितलं. सगळ्यांचं ठरलंय. उभा राहू दे थंडीत, कळेल."

हेझलनं अंगठा मुठीत घेतला आणि डाव्या हातानं मग उचलला.

क्लाइव्ह गेल्यावरही मशीन तिच्या डोळ्यांपुढून हलेना. काल संध्याकाळी दुकान बंद करायच्या बेताला एक बाई आली होती. फोनवरून मागवलेले बूट तिला चावत होते. "जरा ताणून द्या ना," ती म्हणाली, "आणि लवकर, बाहेर तिकिटाची वेळ संपतेय." हेझलनं ते ताणून दिले. का दिले ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं, वडिलांपासूनची सवय. बाईनं थँक्यू म्हणून काउंटरवर एक चॉकलेट ठेवलं. मग हेझलनं दिवे घालवले, घरच्या बुटाचा तळ सुटला होता म्हणून सोल्यूशनचा डबा पिशवीत टाकला आणि चर्चमागून निघाली. मशीनचा निळा दिवा लुकलुकत होता. वसंतात दर वाढवले तेव्हा पहिला अर्धा तास फुकट असायचा तोही गेला होता. ती थांबली. डब्याचं झाकण कधी उघडलं ते तिला आठवत नव्हतं. घरी जाऊन तिनं साबणानं तीनदा हात धुतले होते.

घंटी वाजली. दारात हिरवा कोट उभा होता.

इम्तियाझ पन्नाशी ओलांडलेला. छपराखालच्या जुन्या बाजारात त्याचं पडद्याच्या कापडाचं दुकान होतं, तो बाजार बंद पडेपर्यंत. हेझलच्या बैठकीच्या खोलीतले पडदे अजून त्याच्याकडचेच होते. त्यानं टोपी काढली, दार हळूच लावून घेतलं आणि तिच्याकडे न बघता ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांकडे बघितलं.

"बसा," हेझल म्हणाली.

"'बसा' म्हणतेस मला?" तो हसला. "बरं, बसतो. बूट हवेत. चालायचे. पाणी न शिरणारे."

खिडकीतून समोर क्लाइव्ह दिसत होता. तो आपल्या दारात येऊन हाताची घडी घालून उभा राहिला होता. हेझलला वाटलं, बूट नाहीत म्हणावं. तुमच्या मापाचे संपले म्हणावं. तिच्या मागे छतापर्यंत खोकी रचलेली होती.

इम्तियाझनं उजवा बूट काढला. तळ पुढून अर्धा सुटून लोंबत होता आणि मोजा ओला होता.

"ऑफिसातून देतात तुम्हाला बूट," ती म्हणाली.

"देतात ना. फोनवरून मागवतात, गठ्ठ्यानं. दोनदा आले, दोनदा परत केले. माझा उजवा पाय पसरट आहे, फोनला कसं कळणार?" त्यानं पाय पुढे केला. "मोज तू."

ती गुडघ्यावर बसली. मोजपट धरताना अंगठा आत दुमडून ठेवला, त्यामुळे सरकपट्टी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तिनं ती डाव्या हातानं सरकवली. समोर क्लाइव्ह अजून उभाच होता.

तिनं आणलेला तपकिरी जोड त्याला पहिल्याच झटक्यात बसला. तो दाराशी जाऊन परत आला, टाचांवर उभा राहिला, बोटांवर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर, दुखणं थांबलं की येतं तसं एक हसू आलं.

"हेच," तो म्हणाला. "आणि जुन्याचा तळ चिकटवून देशील? पावसात दुसरा जोड लागतोच."

"ठेवून जा. उद्या देते."

"आत्ता दे ना. मी थांबतो."

हेझलनं मोजपट जागेवर ठेवला. मग मागच्या खोलीत गेली, सकाळी घरून परत आणलेला डबा घेऊन आली आणि काउंटरवर त्याच्यासमोर उघडला. उग्र, गोडसर वास दुकानभर पसरला. तिनं ब्रश बुडवला. पिवळा धागा ब्रशला लोंबला.

"सकाळी मशीनपाशी हाच वास होता," इम्तियाझ म्हणाला.

ब्रश थांबला.

"कॅमेरा आहे का तिथे?" तिनं विचारलं.

"होता. पैसे वाचवायचे म्हणून उन्हाळ्यातच काढून नेला. कोणी काही पाहिलेलं नाही. मीही नाही." तो खुर्चीत मागे टेकला. "पुरा कर की तळ, सुकेल ते."

तिनं तळाला सोल्यूशन लावलं, बूट दाबून धरला. तिचे हात नेहमीचं काम नेहमीसारखंच करत होते.

"मला वाटलं, ऑफिसातला साहेब चिडेल," इम्तियाझ सांगू लागला. "सकाळी फोन केला तर उलट खूश झाला. म्हणाला, बरं झालं. आता गावातली चारही मशीनं काढून टाकतो, नाताळाच्या आत. फक्त ॲपवरून पैसे. नाण्यांची कटकटच नको. आणि म्हणाला, व्यापाऱ्यांचंच काम आहे हे, सगळ्यांचं मिळून. संध्याकाळच्या सभेत तो हेच वाचणार आहे. गुंडगिरी करणाऱ्यांचा अर्ज ऐकायचा नाही म्हणून."

"सगळ्यांचं मिळून नाही."

"मला ठाऊक आहे."

"मग तसं सांग ना तू त्याला!"

"काय सांगू? काय पाहिलं ते लिहायचं असतं मला. मशीन बुजलेलं होतं, लिहिलं. वासाचा रकाना नाही त्या कागदात." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "हेझल, मी हे काम हौसेनं करतो असं वाटतं तुम्हा लोकांना. आज सकाळी चहा नाही मिळाला मला. मिळाला नाही म्हणजे, होता, पण माझ्यासाठी नव्हता. त्या कॅफेच्या खिडकीतले पडदे मी शिवून दिलेत."

क्लाइव्हनं आणलेला मग काउंटरवर तसाच होता, गार झालेला. तिनं तो उचलून खाली, नजरेआड ठेवला.

त्यानं पूर्ण किंमत दिली. तिनं काही कमी करू का विचारलं तर मान हलवली. जुना जोड पिशवीत टाकून, नवा पायात घालून तो निघाला. दार उघडल्यावर समोरून क्लाइव्ह मोठ्यानं म्हणाला, "सापडलं का मग दंड करायला कोणी?" इम्तियाझनं टोपीला हात लावला आणि टाउन हॉलच्या दिशेनं चालू लागला.

क्लाइव्ह रस्ता ओलांडून दारापर्यंत आला.

"त्याला विकलेस? ठरलं होतं ना आपलं?"

"त्याचा मोजा ओला होता, क्लाइव्ह."

"अगं, मोजा ओला! आपल्या धंद्याचं काय झालंय ते बघ आधी!" मान लाल करून तो परत गेला, आणि जाताना आपल्या दारातली शिडी उगाचच उचलून इकडची तिकडे ठेवली.

थोड्या वेळानं विनी बॅराक्लफ आली. चौऱ्याऐंशीची म्हातारी, छोटीशी जुनी गाडी स्वतः हाकत दर आठवडी बाजाराच्या दिवशी गावात यायची. आधी पाव, मग लायब्ररी, मग हेझलकडे. कधी लेस, कधी पॉलिशची डबी, कधी नुसतंच बसायला. आज ती बसली नाही. हातमोजा काढून तिनं मूठ काउंटरवर उघडली. नाणी होती, तळहाताच्या उबेनं कोमट झालेली.

"त्या चर्चमागच्या डब्याला काय झालंय, पोरी? गिळतच नाही. मी तीनदा घालून पाहिलं."

"आज फुकट आहे, विनी. बिघडलंय ते."

"ते बिघडलंय, मी नाही ना बिघडले!" म्हातारी म्हणाली. "गाडी तर उभी आहे माझी. हे तू त्या पार्किंगवाल्याला दे. भला माणूस आहे, मागे माझी काच पुसून दिली होती त्यानं. मला आता टाउन हॉलपर्यंत चालवत नाही, नाहीतर मीच गेले असते."

"आणि हे मशीनच काढून टाकलं तर? फोनवरूनच पैसे भरायचे म्हणाले तर?"

विनी मनापासून हसली. "माझा फोन भिंतीला आहे गं. मग मी नाही यायची. पाव काय, कुठेही मिळतो." तिनं हातमोजा पुन्हा चढवला, एकेक बोट नीट ओढून. "चल, गाडी काढते. थांबले तर वाटायचं, फुकटात बसलेय."

म्हातारी हळूहळू कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. हेझल नाण्यांकडे बघत उभी राहिली. एकदा तिनं गल्ला उघडला, आणि बंद केला. मग मागे जाऊन एप्रन काढला, कोट चढवला. आरशासमोरून जाताना तिनं अंगठा वर करून पाहिला आणि या वेळी तो मुठीत लपवला नाही. नाणी खिशात टाकली, सोल्यूशनचा डबा झाकण घट्ट लावून पिशवीत घेतला आणि दारावरची पाटी उलटी केली.

बाजारचा दिवस, भर दुपार. ऑर्मरॉडचं दुकान या वेळेला बंद झालेलं त्या रस्त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, कुठे निघालीस?" क्लाइव्ह दारातून ओरडला. "गिऱ्हाईकं येतायत आज! चर्चमागं जागा उरलेली नाही!"

हेझल रस्त्याच्या मधोमध थांबली. पलीकडे फेरी संपवून टाउन हॉलच्या पायऱ्या चढताना हिरवा कोट दिसत होता.

"पैसे भरायला," ती म्हणाली.

"कसले पैसे? मशीन तर बंद आहे!"

तिनं डब्याची पिशवी काखेत घट्ट धरली. एक गाडी हॉर्न वाजवून तिला वळसा घालून गेली. इम्तियाझ अजून पायऱ्यांवरच होता. तिनं त्याला नावानं हाक मारली, इतक्या मोठ्यानं की कॅफेच्या खिडकीतला पडदा बाजूला झाला.