टचिंगमास्तरांचं बोट

टचिंगमास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. फोटो स्टुडिओत एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे चेहरे साफ केले, म्हणून हे नाव पडलं. आधी बारीक ब्रशने, मग कॉम्प्युटरवर, आणि स्टुडिओचं काम आठवड्यातून दोन दिवसांवर आलं तेव्हापासून फोनवर. मुरूम, कांजिण्यांचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्यांच्या बोटाखाली नाहीसं व्हायचं. माणूस सरळ, पण समोर बसलेल्या पाहुण्याच्या नाकावरची पुटकुळीसुद्धा त्यांना पुसावीशी वाटे. जित्याची खोड, दुसरं काय.

फोनमध्ये त्यांची तीन लाडकी ॲप्स होती. एक फोटो काढायचं, एक डाग पुसायचं, एक रंग जरा उजळायचं. तिन्हींतून गाळून निघाल्याशिवाय फोटो घरच्या ग्रुपवर जात नसे. स्टुडिओच्या मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: कच्चा फोटो गिऱ्हाइकाच्या नजरेस पडला तर त्याला जन्मभर तोच आठवतो, तेव्हा काम झालं की कच्चा फाडून टाक. मालक गेला, शिस्त राहिली. मास्तर टचिंग केलेला फोटो ठेवत, आणि मूळचा तिथल्या तिथे डिलीट करत.

बायकोचे फोटो त्यांनी जितके काढले तितके कुणाचेच नाहीत. बाजू ठरलेली, डावी. अंबाडा घातलेला, मान किंचित वळलेली, आणि मास्तर मोजून तीन पावलांवर. आरशापुढे ती उभी राहायची ती भांग पाडण्यापुरती. मी कशी दिसते ते मला यांच्या फोटोंवरूनच कळतं, असं ती नणंदेला कौतुकाने सांगे. ग्रुपवर जावा-भावजया विचारायच्या, तुमचं वय कुठे थांबलंय का हो? मास्तर ते वाचून मिशीतल्या मिशीत हसायचे.

त्याच नणंदेने, म्हणजे मास्तरांच्या बहिणीने, परवा वहिनीच्या केसांना रंग लावताना डाव्या कानाखाली मानेवर एक काळपट डाग पाहिला. कडा वेड्यावाकड्या, एका टोकाला रक्त सुकलेलं. तिने भावाला चांगलंच फैलावर घेतलं. एका घरात राहून डोळे काय गहाण टाकलेत का, म्हणाली, आणि उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं.

त्वचेच्या डॉक्टर तरुण होत्या, पण घाई न करणाऱ्या. भिंग लावून त्यांनी डाग पाहिला आणि हा कधीपासून आहे म्हणून विचारलं. बायको म्हणाली, मला तिथलं कुठे दिसतंय. मग डॉक्टर मास्तरांकडे वळल्या. जुने फोटो असतील तर बरंच कळेल, त्या म्हणाल्या. डाग हळूहळू वाढत आला असेल तर काढून तपासावाच लागेल, तोही लगेच. अलीकडेच अचानक उठला असेल, तर गळ्यातल्या साखळीचा फासा घासून रक्त साकळलं असण्याचा संभव जास्त.

फोटोंना काय तोटा. मास्तरांनी फोन पुढे केला. दोन महिन्यांपूर्वीचा, पुतणीच्या लग्नातला: मान स्वच्छ. मागच्या वर्षीचा: स्वच्छ. त्याआधीचा: स्वच्छ. डॉक्टर एकेक फोटो मोठा करून पाहत होत्या, तशी त्यांच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. नवीनच दिसतोय, त्या म्हणाल्या. मलम देते, साखळी घालू नका, सहा आठवड्यांनी दाखवा.

बायकोने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिने पिशवीतून बाटली काढली आणि घटाघटा प्यायली. मास्तरांच्या तोंडचं पाणी मात्र पळालं होतं. फोन परत हातात आला तेव्हा त्या मानेवर त्यांना आपलं काम दिसलं. इतकं बेमालूम, की दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही. गप्प बसले असते तर बायको हसत घरी आली असती. सहा आठवडे ते कितीसे. खरं सांगायचं तर हे त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

"थांबा," ते म्हणाले. "हे फोटो खरे नाहीत. डाग होता. मी पुसलाय."

डॉक्टरांनी मूळचे फोटो मागितले. एकही नव्हता. मग मास्तर खाली मान घालून सांगू लागले. डाग पुसायच्या ॲपमध्ये एक गोल असतो, तो डागाएवढा करायचा आणि बोट टेकवायचं. गोलाला आकडा असतो. फोटो कायम तीन पावलांवरून, त्यामुळे माप चुकायचं नाही. दोन वर्षांपूर्वी चारचा गोल पुरायचा. मागच्या वर्षी सातचा. लग्नातल्या फोटोला बाराचा घेऊनही भागलं नाही, कडेकडेने तीनदा बोट फिरवावं लागलं. आकडे बोटाला तोंडपाठ होते. एकापुढे एक ठेवून ते कधी पाहिले नव्हते, इतकंच.

डॉक्टरांनी आकडे लिहून घेतले, मलमाची चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. उद्या सकाळीच डाग काढून तपासायला पाठवायचा. तो कसला निघेल, हे आता त्या सांगू शकत नव्हत्या.

बाहेर येऊन दोघं बाकावर बसली.

"दोन वर्षं तुम्हाला दिसत होता?" बायकोने विचारलं.

"दिसत होता."

"मग मला कधी बोलला नाहीत."

"मला तो फोटोवरचा डाग वाटायचा गं," मास्तर म्हणाले. "तुझ्यावरचा नाही."

ती तडातडा बोलली असती तर त्यांना सोसलं असतं. पण मानेवर आलेल्या बटा तिने वर खोचल्या, मान वळवली आणि म्हणाली, "आता काढा. मला बघायचाय."

मास्तर उठले, तीन पावलं मागे गेले आणि फोटो काढला. सवयीने बोट स्क्रीनकडे जाणार, तोच तिने हात पुढे केला आणि फोन मागितला. चष्मा कपाळावर सारून तिने फोटो मोठा केला आणि डोळ्यांजवळ धरला.

"एवढा मोठा," ती म्हणाली. आणि मोकळ्या हाताने तिने मास्तरांचं मनगट घट्ट धरलं.