सगळ्या वर्गाचे हात वर

पौर्णिमाबाईंना या जगात एकच गोष्ट हवी होती. प्रश्न विचारला रे विचारला की अख्ख्या तिसरीचे हात वर व्हायला हवेत.

गेल्या वर्षी केंद्रातल्या आसपासच्या शाळांचे शिक्षक त्यांचा पाठ बघायला आले, तेव्हा मोजून सहा हात वर झाले होते. "मुलं आहेत का पुतळे?" असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि तो टोमणा बाईंनी वर्षभर सांभाळून ठेवला. आता शिक्षण परिषद पुन्हा त्यांच्याच शाळेत होती, दहिवलीच्या पुढे, आणि आदर्श पाठही त्यांचाच. यंदा नाक कापून घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

युक्ती दिली शेजारच्या शाळेतल्या सुप्रियाबाईंनी. "उत्तर येणाऱ्याने उजवा हात वर करायचा, न येणाऱ्याने डावा. बघणाऱ्याला काय कळतंय? तू आपली उजवेवाली मुलं उठव."

बाई हरखल्याच. सकाळी प्रार्थना संपताच मुलांसमोर उभं राहून त्यांनी आपला उजवा हात उंच केला. "येत असेल तर हा." मग डावा. "येत नसेल तर हा. कळलं?"

"कळलं, बाई!" पत्रे दणाणले.

अकरा वाजता चाळीस शिक्षक मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. केंद्रप्रमुख जयवंताबाई वही उघडून पुढे. बाईंनी कागदाची गोल भाकरी मधोमध दुमडली. "याच्या एका भागाला काय म्हणायचं?"

सत्तावीसच्या सत्तावीस हात वर! बाईंना इतका आनंद झाला की त्यांना क्षणभर प्रश्नच आठवेना. सर्वांत ताठ उजवा हात पारूचा होता.

"सांग पारू!"

"मला नाय येत, बाई."

असू दे. बाईंनी दुसरा उजवा हात निवडला. कान्हा उठला आणि आनंदाने म्हणाला, "मलापण नाय येत." मागे कुणीतरी खोकलं. घाईघाईत त्यांनी पुन्हा पारूलाच उठवलं.

"आता आलं का गं?"

"नाय अजून," पारू म्हणाली.

तेवढ्यात बाईंचं लक्ष उज्वलाकडे गेलं. तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणणारी उज्वला आपला डावा हात असा हलवत होती की तो खांद्यातून निसटेल. बाईंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग मुलांकडे. पोरांनी आरशात बघावं तसं बघून बाईंच्या हाताच्या बाजूचाच हात उचलला होता!

आणि बाईंना हसू फुटलं. आवरायला गेल्या तर जास्तच फुटलं. डोळ्यांतलं पाणी पुसत त्यांनी चाळीस जणांसमोर सगळा प्रकार सांगून टाकला, अगदी सुप्रियाबाईंच्या नावासकट. सुप्रियाबाईंनी पदरात तोंड लपवलं. बाकं कुरकुरू लागली. तीस वर्षं नोकरी झालेले हिरामण गुरुजी तर हसता हसता बाकात अडकले, त्यांना दोघांनी ओढून काढलं.

"आता बिनधास्त सांगते, पारू," बाई म्हणाल्या, "ये इथं. न येणाऱ्यांनीच करायचं."

पारू तुरुतुरु पुढे आली. तिने भाकरी घडीवर फाडली, दोन तुकडे एकावर एक ठेवले आणि ओरडली, "सारखंच हायेत! अर्धी!" मग कुणी न सांगताच अर्धी पुन्हा फाडली. "आन् ही पाव! बाई, आजून फाडू?"

"फाड!" केंद्रप्रमुखच म्हणाल्या. कान्हा मदतीला धावला, मग बाकीचे धावले, आणि आदर्श पाठाची टाचणवही कागदाच्या भाकरीखाली गडप झाली.

शाळा सुटल्यावर पारू दारात थांबली. आनंद नुसता ओसंडत होता.

"बाई, आज तुमी मला तीनदा उभं केलंत!"

"मग?"

"पयलीपासून एकदापण नव्हतं केलं."

पहिलीपासून तिला शिकवत होत्या त्या पौर्णिमाबाईच. त्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. त्या खाली वाकल्या.

"उद्या सगळ्यांत आधी तुलाच उठवणार."

"पण मला नाय आलं तर?"

"म्हणूनच गं," बाई म्हणाल्या.