पावशेरचं बक्षीस

तेलगावच्या शाळेत आठवीतलं सगळ्यांत लांब नाव वर्गातल्या सगळ्यांत बुटक्या पोराला मिळालं होतं. आईनं देवाच्या नावावरून हौसेनं 'उत्तरेश्वर' ठेवलं आणि गावानं ते तसंच गुंडाळून ठेवलं. पाचवीत असताना शाळेत वजन करायला डॉक्टर आले होते. काट्यावर चढलेल्या उत्तरेश्वरकडं बघून वर्गातला सुरज म्हणाला, "पावशेर तरी भरतंय का बे?" झालं. नाव पिठाच्या गिरणीवर गेलं, पारावर गेलं, सगळ्या गावात मोठं झालं. पोरगं तेवढं वाढायचं राहिलं.

चिडवलं की तो हसायचा. हसलं की लोक लवकर गप्प बसतात, असा त्याचा अनुभव. मनातून मात्र त्याला त्या नावाचा भयंकर संताप होता.

यंदा स्नेहसंमेलनासाठी आम्रपाली बाईंनी चिडवाचिडवीवरच नाटक बसवलं आणि कामं मुद्दाम उलटी वाटली. चिडवणारा दादा उत्तरेश्वर, आणि ऐकून घेणारा सुरज. सुरज ताडमाड. त्याला दम देताना उत्तरेश्वरला मान इतकी वर करावी लागे, की दम कमी आणि नवस जास्त वाटे. पण गडी रंगला. "ए लंब्या, वर पाऊस पडतोय का बे?" असं त्यानं फेकलं की पोरं हसून लोळायची.

एके दिवशी तालीम संपल्यावर सुरज पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसला. "लई लागतं बे," तो म्हणाला.

"गंमतच हाय की," उत्तरेश्वर म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. हे वाक्य आजवर त्यालाच ऐकवलं जायचं. तरी त्याला एक आशा होती. एकदा हे नाटक झालं, की गाव शहाणं होईल आणि पावशेर हे नाव मिटेल.

संमेलनाला सगळं गाव लोटलं. नाटक चांगलं चढलं आणि तिथंच घोटाळा झाला. आपल्याकडं काम आवडलं की नाटक थांबवून बक्षीस पुकारतात. राजा मरायला टेकलेला असला तरी त्यानं उठायचं, पुढं येऊन हात जोडायचे आणि नोट घ्यायची. माजी सरपंच सुंदरराव इतके खूश झाले, की त्यांनी माइक सांभाळणाऱ्या धोंडीराम सरांच्या हातात नोट कोंबली आणि कानात काहीतरी सांगितलं. सरांनी ते तसंच्या तसं पुकारलं, "पावशेरच्या कामावर खूश होऊन सुंदररावांकडून बक्षीस."

मंडप खदाखदा हसला. पडद्याआड बाईंनी कपाळाला हात लावला.

उत्तरेश्वर पेचात पडला. पुढं जावं तर नाव कायमचं चिकटणार. न जावं तर म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत अपमान. तो पुढं गेला आणि माइक ओढून तोंडापर्यंत खाली घेतला. "आजोबा, बक्षीस घेतो. पण माझ्या नावानं पुकारा."

सुंदरराव उभे राहिले. ते रागावले नव्हते, गोंधळले होते. "आरं लेकरा, आमी लाडानंच म्हणतो की. बरं, तुझं नाव काय हाय?"

आता मंडपात कुणी हसलं नाही. त्याच्या बारशाला जेवून गेलेली माणसंसुद्धा एकमेकांकडं बघायला लागली. रोज हजेरी घेणारे धोंडीराम सर उगाच माइकची वायर तपासत राहिले.

"उत्तरेश्वर," मागून सुरज म्हणाला. "त्याचं नाव उत्तरेश्वर हाय."

सरांनी घसा साफ करून पुन्हा पुकारलं. उत्तरेश्वरनं हात जोडून नोट घेतली आणि नाटक पुढं सुरू झालं. पुढचं वाक्य त्याचंच होतं, लंब्याला चिडवायचं. पण आत्ताच आपलं नाव सांगणाऱ्या सुरजकडं बघून त्यानं ते तोंडातल्या तोंडातच म्हटलं.

"काय बी ऐकू येईना," मागं बसलेल्या बायकांतून विमलबाई ओरडल्या. "जरा मोठ्यानं बोल की, उत्तरेश्वर."