न पाहता केलेली सही

डोंबिवलीच्या पश्चिमेला, मोठागावच्या कोळीवाड्यात, खाडीवर न जाता पोट भरणारा पहिला माणूस देवराम. वायरमनची परीक्षा पास होऊन त्याला लायसन्स मिळालं, तेव्हा वाड्यातल्या बायका ते बघायला आल्या होत्या. शेजारची हौसाबाई तर म्हणाली, "आता आमचे वाड्यान बी सरकारी माणूस झाला."

त्र्याण्णवच्या सुमारास गावात घरफोड्या वाढल्या. श्रीपादराव आठल्ये यांनी बँकेतली नोकरी सोडून स्टेशनजवळ अलार्मचं दुकान काढलं. दार-खिडकी उघडली की भोंगा वाजायचा. त्याला मेन लाइनवरून वीज द्यायची, तर नियमानं लायसन्सवाला वायरमन हवा; काम त्यानं करायचं, तपासायचं आणि रिपोर्टवर सही द्यायची. श्रीपादरावांच्या माणसांपैकी एकाकडेही लायसन्स नव्हतं. म्हणून त्यांनी देवरामला गाठलं.

सुरुवातीची कामं देवरामनं स्वतः केली. पुढे मागणी वाढली, तसे श्रीपादराव म्हणाले, "देवरामजी, तुम्ही कशाला उन्हातान्हात धावता? माणसं तयार झाली आहेत आपली. तुम्ही फक्त सही करा."

देवरामजी! आजवर त्याला सगळे 'ए वायरमन' म्हणूनच हाक मारत. इथे समोर खुर्ची मिळायची, चहा कपबशीतून यायचा. तो सही करू लागला. आधी संध्याकाळी एक चक्कर मारून काम बघून यायचा. मग तेही सुटलं.

एके दिवशी आई धावत आली. "देवराम, हौसाबाईला करंट लागला रं! परधानांच्या खिडकीला हात लावलान!"

प्रधान. तळमजल्यावरचा फ्लॅट. त्या कामाचा रिपोर्ट त्यानं गेल्याच आठवड्यात, चहा पिता पिता, सही करून दिला होता.

तो दवाखान्यात पोचला, तेव्हा हौसाबाईच्या उजव्या हाताला बँडेज होतं. उशाशी सरोज प्रधान बसल्या होत्या. रोजच्यासारखी मासे विकायला आलेल्या, माशांची पाटी खाली ठेवून हौसाबाईनं आधाराला ग्रिल धरलं आणि हात चिकटला. सरोजताईंनी मेन स्विच पाडला, म्हणून जीव वाचला.

"लायसन्सवाल्याची सही बघूनच घेतलं होतं हो आम्ही," सरोजताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "कोण मेला भामटा आहे, कोण जाणे!"

हौसाबाईनं देवरामकडे बघितलं. चेहऱ्यावर केवढं तरी कौतुक होतं. "ताई, यो आमचा देवराम. यो बी लायसनवाला हाय. याला बोलवलं असतंत, तर असा झाला नसता."

'येतो मी' एवढं पुटपुटून तो बाहेर पडला.

प्रधानांच्या खिडकीपाशी त्याला दोष शोधावा लागलाच नाही. वायर ग्रिलच्या धारदार कडेवरून तशीच ओढून घेतली होती आणि तिचं आवरण सोलून निघालं होतं. अर्थिंगचा पत्ताच नव्हता. एकदा नुसता डोकावला असता, तरी दिसलं असतं.

तो तडक दुकानात गेला. श्रीपादराव हळू आवाजात म्हणाले, "बाईंच्या औषधपाण्याचं मी बघतो. वायर उंदरानं कुरतडली म्हणू. तुमचंही नाव राहील, माझंही."

देवरामची मान खाली गेली. उंदराचं नाव रस्त्यात त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. या माणसावर रागवायचं तरी कोणत्या तोंडानं?

तो पुन्हा दवाखान्यात आला. सरोजताई अजून तिथेच होत्या. त्यांच्यादेखतच तो म्हणाला, "मावशे, ती सही माझी व्हती."

हौसाबाईला आधी कळलंच नाही. मग तिनं विचारलं, "तू बघाया गेला नव्हतास?"

"नाय."

"सही कशी केलीस मंग?"

खुर्ची आणि कपबशी यांचं काय सांगणार? सरोजताई उठून खिडकीशी गेल्या. हौसाबाईनं बँडेजचा हात हळूच चादरीखाली ओढून घेतला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्याला विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसात गेला आणि आपण होऊन सगळं लिहून दिलं. चौकशी झाली, दुकानाला टाळं लागलं, त्याचं लायसन्स वर्षभरासाठी निलंबित झालं. सही केलेल्या प्रत्येक घरी तो गेला. "तुमचं काम मी न बघता पास केलंय. दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या," असं दारात उभं राहून सांगितलं. कोणी शिव्या दिल्या, कोणी बोलण्याआधीच दार लावलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाणी विचारलं, ते त्याला जास्तच लागलं.

हौसाबाईची दोन बोटं आखडलेलीच राहिली. ती डाव्या हातानं मासे कापायला शिकली. आईशी बोलायची, हसायची. तो आला की पाटी उचलून चालू लागायची.

लायसन्स परत मिळालं त्या पावसाळ्यात हौसाबाईच्या घरचे दिवे गेले. देवराम ओट्यावर बसला होता. हाक येईल म्हणून तो उठून उभाही राहिला. थोड्या वेळानं मानपाड्याहून एक वायरमन सायकलवर आला, पत्ता विचारत विचारत. विचारलं ते देवरामलाच.

त्यानं हात करून दार दाखवलं.