शिवण कुठे गेली

विभावरीने स्वेटरचा पुढचा आणि पाठीचा भाग मांडीवर शेजारी शेजारी लावला. बोथट सुईने इकडच्या कडेचा एक आडवा दोरा उचलला, मग तिकडचा, मग पुन्हा इकडचा. मधली लोकर शिडीसारखी सैल पडली होती. समोरच्या खुर्चीतून सोयराबाई वाकून बघत होत्या. कानडी मिसळलेलं मराठी बोलणाऱ्या या घरमालकीणबाईंचा जन्म मशीनवर ब्लाउज शिवण्यात गेला, पण विणलेलं काही त्यांनी कधी जोडलं नव्हतं.

"आता बघा हं, अक्का."

तिने दोरा हलकेच ओढला. शिडीच्या पायऱ्या एकेक करून मिटल्या.

"अय्यो! शिवण कुठं गेली गं?"

विभावरी हसली. तिला हेच तर हवं होतं. तीन वर्षांच्या अन्विताला शिवण टोचायची. टोचली की ती कपडे ओरबाडून काढायची, मग समोर कोणी का असेना. आधीच्या बालवाडीने त्यावरूनच तिला घरी पाठवलं होतं. 'उकडतं हो तिला फार,' असं विभावरी लोकांना सांगायची. उद्यापासून नवी शाळा, आणि डिसेंबरात स्वेटरशिवाय मूल आणायचं नाही, असं तिथल्या चंदना मिसनी बजावलं होतं.

सोयराबाई जोडावरून बोट फिरवत राहिल्या.

"कापड कुठंबी जात नाही बघ. वर नाही म्हणजे आत असणार, अल्वा, हो की नाही?"

विभावरीने उत्तर द्यायच्या आत अन्विता आली आणि तिने स्वेटरच्या आत हात घातला. चटका बसल्यासारखा बाहेर काढला.

"टुचतंय."

विभावरीने स्वेटर उलटा केला. बाहेरून नाहीशा झालेल्या दोन्ही कडा आत पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. जाड, सरळ, थेट कातडीला लागतील अशा. किती वेळ ती त्या वरंब्याकडे बघत राहिली. मग तिने सुईच्या टोकाने दोरा उसवायला घेतला.

"अगं, इतकं छान जमलेलं!"

"आतून जोडते, अक्का. म्हणजे कडा बाहेर येतील."

"सगळ्यांना दिसंल की."

विभावरी उसवत राहिली. सोयराबाईंनी थोडा वेळ तिचे हात बघितले. मग उठून आत गेल्या आणि लाल लोकरीचा गुंडा घेऊन आल्या.

"दिसायचंच असंल, तर सुम्ने, उगीच चोरासारखं कशाला?"

सकाळी शाळेच्या फाटकाशी चंदना मिस खाली वाकल्या. पांढऱ्या स्वेटरच्या दोन्ही कुशींना आणि बाह्यांना लाल लोकरीने वेढलेला वरंबा उठून दिसत होता.

"मॅम, गडबडीत उलटा घातलाय वाटतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

'हो ना, फार घाई झाली' हे वाक्य विभावरीच्या ओठांवर तयारच होतं. तिने अन्विताकडे पाहिलं. मुलगी बाहीवरच्या लाल रेघेवरून बोट चालवत होती, मनगटापासून वर, मग पुन्हा खाली.

"नाही," विभावरी म्हणाली. "तिला शिवण टोचते. म्हणून ती बाहेर ठेवलीय."

चंदना मिसनी त्या लाल रेघेकडे पाहिलं. मग एक बोट पुढे करून त्यांनी अन्विताला विचारलं, "मी बघू?"

अन्विताने आईकडे पाहिलं नाही. तिने बाही पुढे केली.