बुधवारची राख

तात्याबाला विमानात बसवलं सरकारनं, पण ढोल गेला तो बिराप्पाचा. एकोणऐंशी सालच्या त्या पावसाळ्यात बिराप्पा एवढं एकच वाक्य ज्याला त्याला ऐकवत होता. ऐकणारे मान डोलवायचे आणि लगेच विचारायचे, ‘‘मग, तात्याबाचं काय पत्रबित्र?’’ की बिराप्पाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माळवाडी म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, जतकडचा उघडा माळ. पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. वस्ती सगळी धनगरांची. आठ महिने मेंढरांमागं, चार महिने बाजरीत. पण पंचक्रोशीत गावाचं नाव होतं ते गजी नाचासाठी, आणि त्या नाचाचा ढोल तीस वर्षं बिराप्पाच्या गळ्यात होता. श्रावणातल्या जत्रेत बिरोबापुढं पहिला ठोका त्याचा. तो पडल्याशिवाय पालखी जागची हलत नसे. तात्याबा त्याचा चुलतभाऊ, वीस वर्षांनी धाकटा. त्याला ढोल शिकवला तोही बिराप्पानंच, चुकला की बोटांवर काठी मारून.

इटलीच्या बाजूला कुठलंसं बेट आहे, तिथं देशोदेशीच्या नाचांचा मेळा भरणार होता. आपल्याकडून गजी नाच पाठवायचं ठरलं आणि निवड ठेवली साताऱ्याला. माळवाडीचे गडी एस.टी.नं साताऱ्याला गेले. तिथं मुंबईहून आलेले एक साहेब मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवून बसले होते. म्हणाले, ‘‘आठ मिनिटं. त्याच्यावर एक सेकंद नको.’’

आता बिराप्पाला मिनिट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं असं नाही. ढोल वाजवताना तो त्याला विचारत नसे, इतकंच. देवाचं मन भरलं की हात आपोआप थांबतो, ही त्याची रीत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. साहेबांनी हात वर केला. मग खिशातून रुमाल काढून तो जोरजोरात हलवायला लागले. गजी नाचात गडी रुमाल उडवतच नाचतात. बिराप्पाला वाटलं, साहेबाच्या अंगात आलं, तोही नाचात उतरला! त्यानं ठोका दुप्पट केला. पस्तीस मिनिटांनी तो थांबला तेव्हा साहेब घामाघूम झाले होते, आणि ते काही नाचून नव्हे.

दुसऱ्या खेपेला साहेबांनी ढोल तात्याबाच्या गळ्यात घालायला लावला. तात्याबा साडेसात मिनिटांत थांबला. बारा जणांची यादी लागली, तीत बिराप्पाचं नाव नव्हतं. वर जखमेवर मीठ चोळायला साहेब म्हणाले, ‘‘ढोल मात्र त्या म्हाताऱ्यांचाच न्या. आवाज फार गोड आहे.’’

आज्यानं शिवणीच्या लाकडाचा करून घेतलेला ढोल तो. बिराप्पा आढेवेढे घेणार, तोच नाथाजीबा मध्ये पडला. नाथाजीबा म्हणजे बिरोबाचा ऐंशी वर्षांचा पुजारी. त्याचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे. तो म्हणाला, ‘‘दे रं बिराप्पा. गावाचं नाव हाय.’’ बिराप्पानं ढोल दिला. हसून दिला. त्याची बायको हरणाबाई हिनं ते हसणं पाहिलं आणि मनात म्हणाली, हे काही खरं नव्हे.

ढोल आणि त्यामागं सगळा ताफा निघाला तो बिराप्पाच्या घरातून, म्हणून राखही त्याच्याच घरात राहिली. ही रीत बाहेरच्यांना सांगावी लागते. मेंढरं घेऊन माणूस लांबच्या मुलखाला निघालं, की ते परतून दारात पाय धुवेपर्यंत त्या घराच्या चुलीतली राख बाहेर टाकायची नाही. टाकली की वाट मोडते, गेलेलं माणूस अडकतं. मेंढरामागं जाणाऱ्यांसाठी पाळायची ती रीत हरणाबाई आता विमानात बसलेल्यांसाठी पाळत होती. भांडी घासायला मूठभर राख घेईना, माती वापरायची. चुलीजवळच्या कोपऱ्यात एक पाटी भरली, दुसरी भरली. बिराप्पा जेवायला बसला की त्या दोन पाट्या डोळ्यांसमोर. घास तोंडात फिरायचा. ढोल आपला, शिकवण आपली, आणि आता चूलसुद्धा आपलीच, त्या पोराची राख सांभाळायला!

मग तात्याबाचं चित्राचं कार्ड आलं. त्याची बायको धोंडुबाई ते घरोघर दाखवत हिंडली. निळा समुद्र, मागं एक टोकदार डोंगर आणि डोंगराच्या डोक्यावर धुराची शेंडी. मागचा मजकूर शाळेच्या बाळासो मास्तरांनी देवळापुढच्या पारावर मोठ्यानं वाचला. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, जत्रेच्या आदल्या दिवशी शनिवारी घरी पोचतो, असं त्यात होतं. नाथाजीबा ऐकून इतका हरखला की सगळ्यांसमोर बोलून बसला, ‘‘औंदा जत्रंचा पयला ठोका तात्याबाचा. समुद्रापल्याडनं येतंय पोरगं.’’

बिराप्पा तिथंच बसला होता. त्यानं मानही डोलवली. पण घरी येताना त्याला रस्ता दिसत नव्हता. विमान गेलं, टाळ्या गेल्या, ते त्यानं कसंबसं गिळलं होतं. पहिला ठोका गिळता येईना. तो गेला म्हणजे माळवाडीत बिराप्पा कोण? मेंढरं राखणारा आणखी एक म्हातारा.

तो बुधवार होता, भर दुपारची वेळ. हरणाबाई विहिरीवर गेली होती. बिराप्पानं पहिली पाटी उचलली, मागच्या माळावर नेली आणि वाऱ्यावर उधळली. मग दुसरी. ‘‘अडक लेका,’’ तो मोठ्यानं म्हणाला, ‘‘जत्रा हुईस्तवर तितंच अडक!’’ राख मिशीत गेली, डोळ्यांत गेली. पण कित्येक दिवसांनी त्याला सडकून भूक लागली. संध्याकाळी हरणाबाईनं पाट्यांचं विचारलं तेव्हा ‘‘अडचण हुती म्हणून गोठ्यात सरकवल्या’’ असं सांगून तो तीन भाकरी जेवला.

शुक्रवारी बाळासो मास्तर हातात वर्तमानपत्र धरून पळतच पारावर आले. पळणारे मास्तर माळवाडीनं तोवर पाहिले नव्हते.

‘‘आपली माणसं आहेत ना, त्या बेटावरचा डोंगर फुटला,’’ ते धापा टाकत म्हणाले. ‘‘कार्डावर होता तोच. नुसती राख ओकतोय. आभाळात राखच राख, त्यामुळं विमानं बंद. राख आत गेली की विमानाचं यंत्र बंद पडतं म्हणे. कधी सुरू होतील सांगता येत नाही.’’

धोंडुबाईनं कमरेचं कार्ड काढून धुराच्या शेंडीवर बोट ठेवलं. बायका तिच्याभोवती जमल्या. बिराप्पा मास्तरांजवळ सरकला.

‘‘कवा फुटला म्हणलासा, मास्तर?’’

‘‘बुधवारी.’’

‘‘बुधवारी कवा?’’

‘‘दुपारी. का हो?’’

‘‘न्हाई, आपलं इचारलं. किती राख पडली म्हणायची?’’

‘‘अहो, गावंच्या गावं काळी झाली.’’

दोन पाट्यांत एवढी राख कशी मावली, याचा बिराप्पाला मेळ लागेना. मास्तरांनी समजावून सांगितलं, की पृथ्वीच्या पोटात आग असते, त्यात आपला काही हात नसतो. कोयनानगरला नाही का बारा वर्षांमागं जमीन हलली, तसलाच प्रकार. बिराप्पाला हे सांगायला नको होतं. कोयनेला धक्का बसला तेव्हा इतक्या लांब माळवाडीत उतरंडीची मडकी खाली आली होती, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिकडचं इकडं येतं, तर इकडचं तिकडं का जाणार नाही?

घरी हरणाबाई गोठ्याच्या दारात उभी होती. तिच्या हातात दोन रिकाम्या पाट्या होत्या.

‘‘राख कुटं हाय?’’

‘‘टाकली.’’

‘‘कवा?’’

‘‘बुधवारी.’’

हरणाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, ‘‘आवं, हातानं शिकवलेलं प्वार त्ये. धोंडुबाईला म्या काय सांगू?’’

‘‘काय बी सांगू नगंस.’’

बिराप्पा घाबरला होता, हे खरं. तात्याबाचं काही बरंवाईट झालं तर, या विचारानं त्याला झोप लागेना. पण मनाच्या एका कोपऱ्यात गुपचूप आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या: तात्याबा शनिवारी येत नाही, म्हणजे रविवारचा ठोका आपला. त्या कोपऱ्याची त्याला लाज वाटे, आणि तरी मन पुनःपुन्हा तिथंच जाऊन बसे.

शनिवार आला आणि गेला. रविवारी देवळापुढं माणूस मावत नव्हतं. पालखी सजली, भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं, आणि नाथाजीबानं हाक दिली, ‘‘बिराप्पा, घे ढोल.’’ तात्याबाचा जुना ढोल होता, एका बाजूला चिरलेला, पण ढोल होता. बिराप्पानं तो गळ्यात अडकवला. गड्यांनी रुमाल सरसावले. त्यानं काठी उचलली.

समोर बायकांत धोंडुबाई उभी होती. ना देवाकडं बघत होती, ना ढोलाकडं. मान मागं टाकून ती आभाळ न्याहाळत होती, विमान जणू मिरजेला न थांबता सरळ देवळापुढंच उतरणार होतं.

काठी वरच राहिली. बिराप्पानं खाली आणायचा प्रयत्न केला. तीस वर्षं आपोआप पडणारा हात पडेना.

‘‘राख म्या टाकली,’’ तो म्हणाला.

‘‘कसली राख?’’ नाथाजीबानं विचारलं.

‘‘चुलीची. तात्या जत्रंला येऊ नये म्हणून टाकली. माझ्या पोटात दुखत हुतं.’’

मग धोंडुबाई गर्दीतून पुढं आली. ‘‘भावजी, माझं कुक्कू उधळायला तुमास्नी ह्योच माळ घावला व्हय?’’ एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. मास्तर ‘‘अहो, राखेचा आणि डोंगराचा काही संबंध...’’ असं म्हणायला गेले, पण ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

नाथाजीबानं बिराप्पाच्या गळ्यातला ढोल काढून स्वतःच्या गळ्यात घातला. ऐंशी वर्षांच्या हातानं पहिला ठोका दिला. तो पहिल्या रांगेपलीकडं कुणाला ऐकू गेला नाही, पण पालखी हलली. मग त्यानं बिराप्पाला दंड सांगितला. ‘‘दोन पाट्या टाकल्यास न्हवं? दारोदारी जा, चुलीचुलीची मूठमूठ राख माग, आन दोन्ही पाट्या भर. ताफा परत येईस्तवर त्या राखंपाशी बस.’’

बिराप्पा दारोदार फिरला. काही बायकांनी राख दिली, काहींनी राखेबरोबर दोन शब्दही दिले. धोंडुबाईच्या दारात तो बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. तिनं शेवटी चुलीत हात घातला आणि गरम राखच त्याच्या ओंजळीत ओतली. चटका बसला, पण त्यानं ती सांडू दिली नाही.

बुधवारी बारा गडी एस.टी.तून उतरले. तात्याबा ढोल घेऊन आधी बिराप्पाच्या दारात आला, कारण पाय तिथंच धुवायचे होते. हरणाबाईनं पाणी घातलं. बिराप्पा राखेच्या पाट्यांमधून उठलाच नाही.

‘‘तात्या, तुला आडकीवला त्यो म्या,’’ तो म्हणाला. ‘‘ही राख टाकली हुती.’’

तात्याबाला हसू आवरेना.

‘‘तू टाकलीस? आरं दादा, तुझ्या पाया पडू का काय करू! आमी मेळ्यात वाजिवलं त्ये काय वाजिवणं हुतं? आठ मिन्टं झाली की साहेब घड्याळ दाखवायचा. आन मग ती राख पडली. इमानतळावर पाच दिस. गोरी, काळी, समद्या मुलखातली माणसं जमिनीवर पथाऱ्या टाकून पडलेली, कुणी रडतंय, कुणी भांडतंय. मला बी भ्या वाटाय लागलं. म्हणलं, देवाला हाक मारावी. ढोल घेतला आन वाजिवला, तुझ्यावाणी. घड्याळ न्हाई, काय न्हाई. दिस मावळंस्तवर वाजिवला. समदी उठली, दादा! म्हाताऱ्या बाया नाचल्या. आन साहेब? साहेबानं खिशातला रुमाल काढला.’’

‘‘थांब म्हणाला?’’

‘‘छ्या! नाचला की! रोज नाचला. शेवटच्या दिवशी मला म्हणतोय, साताऱ्यात त्ये म्हातारं हेच वाजवत हुतं, आन मी येडा घड्याळ बघत बसलो.’’ तात्याबानं ढोल बिराप्पाच्या मांडीवर ठेवला. ‘‘तू पायजे हुतास गड्या. ती जागा तुझीच हुती. फुडल्या साली परत नेणार म्हणतोय साहेब.’’

तात्याबा धोंडुबाईकडं गेला. बिराप्पा ढोलावर हात ठेवून बसून राहिला. विमानावर तो जळला होता, टाळ्यांवर जळला होता, पहिल्या ठोक्यावर जळला होता; पण आता पोटात जे दुखलं तसं जन्मात कधी दुखलं नव्हतं. सगळ्या दुनियेत त्याच्यासारखं वाजवायला एकच जागा मोकळी झाली होती, पाच दिवस, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं करून तात्याबाला दिली होती.

‘‘आवं,’’ हरणाबाई म्हणाली, ‘‘माणसं घरला आली. आता तरी टाका की ती राख.’’

बिराप्पानं पाटी उचलली. दारात जाऊन थांबला आणि मागं वळला.

‘‘हरणे, साहेब फुडल्या साली परत नेणार म्हणं. मला नेलं, तर एक काम करशील?’’

‘‘काय?’’

‘‘मी गेलो की चांगल्या चार पाट्या भरू दे. आन मग बुधवार बघून टाक.’’