मांगूर

उचगावच्या पलीकडं कापड रंगवायचा कारखाना आहे. त्याच्या सांडपाण्याची इंजिनीअर शिवलीला. केमिकल इंजिनीअरिंग शिकून पोरीनं घाण पाणी सांभाळायचं पत्करलं, म्हणून भावकी हसली. हसू दे. कारखान्याचं पाणी ज्या ओढ्यात जातं, हसणाऱ्यांच्या विहिरी त्याच ओढ्याकाठी होत्या.

सांडपाणी साफ करतात ते जिवाणू. त्यांना हवा लागते, हवेसाठी ब्लोअर लागतो. मालक राजशेखर आण्णानं लाइट बिल बघून ब्लोअरच बंद केला. जिवाणू मेले. काळं पाणी तसंच ओढ्याला लागलं.

"आण्णा, ब्लोअर चालू करा. तपासणीला प्रदूषण मंडळाचे साहेब येणार हाईत."

"जिवाणू कुणाला दिसत्यात व्हय? दिसंल असं कायतरी करू की."

आणि आण्णानं मंगळवार पेठेतनं सोनेरी मासे आणले. गेटजवळ काचेची टाकी, वर पाटी: 'आमचे शुद्ध केलेले पाणी'. टाकीतली नळी मात्र बोअरची.

साहेब आले. ओढ्याकडं पाठ करून बसले, भडंग चापलं, चहा मागवला. मासे बघून तर हरखलेच. "वा! मासे जगतात म्हणजे पाणी चोख. मॅडम, दाखल्यावर सही करा."

"कर की," आण्णा तिच्या कानाशी गुरगुरला. "सही न्हाय तर नोकरी न्हाय."

शिवलीलेनं बोअरची नळी उपसली, सांडपाण्याची लावली. "पाटीवर लिवलंय ते आधी खरं करते, साहेब."

टाकी काळी झाली. चहा निवायच्या आत मासे उलटे तरंगायला लागले.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. आता कारखान्याला टाळं? कसलं टाळं! साहेब खाकरले. "राजशेखर, मासे फारच नाजूक आणलेत हो."

"चुकलंच की, साहेब."

दुसऱ्या दिवशी ब्लोअर बंदच. टाकीत मांगूर. काळा, मिशाळ, गटारात बी मजेत राहणारा. आण्णाची छाती फुगलेली.

"बघ पोरी, ह्यो तुझ्या पाण्यात बी मरत न्हाय. आता कर सही."

"मरंल कसा? तुमच्याच भावकीतला हाय न्हवं."

तिनं काळा मार्कर उचलला, पाटीवरचं 'शुद्ध केलेले' खोडलं, खाली ठसठशीत सही केली आणि गेटबाहेर पडली.

पाटी अजून तिथंच आहे. 'आमचे पाणी'. तपासणीचे साहेब परवा येऊन गेले. मांगूर लई आवडला त्यांना.